अक्रोडातला खळगा

नवी बंदूक करणं सोपं, जुनी करणं अवघड, असं डेल्फिना म्हणायची. गार्दोने गावात कुणाला त्याचं नवल वाटत नसे. मेल्ला नदीकाठच्या कारखान्यात तिचं कामच ते होतं. पुराणी बंदूक उघडायची, भाग न् भाग मोजायचा आणि यंत्रांना कळेल असा नवा आराखडा काढायचा. खोऱ्यात एक रीत होती. नक्कल बंदुकीची करायची, तिच्या झिजेची नाही. हातांनी जे घासून नेलं, ते कागदावर परत भरायचं. आजोबांच्या काळातली बंदूक, पण कोरी करकरीत, असं गिऱ्हाइकाला हवं असतं.

त्या वसंतात लोद्रीनो गावच्या सिन्योरा झाइरा नावाच्या म्हातारीकडून एक ठासणीची बंदूक आली. हलकी, एकनळी. दस्त्यावर जिथं गाल टेकतात तिथं खळगा पडला होता, पळीसारखा खोल. नुसत्या गोळ्या झाडून एवढं लाकूड झिजत नाही.

"बायकोच्या खांद्यावरसुद्धा कुणी इतकं डोकं टेकत नाही," डेल्फिनाचा भाऊ ओत्तोरीनो म्हणाला. कारखाना तोच चालवायचा.

"ही पुन्हा करायचीच कशाला पण?" डेल्फिनानं विचारलं. " शिकाऱ्याला उपयोग नाही, चोराला नाही."

"म्हणून तर खपते. उपयोगाच्या वस्तूला लोक घासाघीस करतात, आठवणीला नाही."

"कुणाची आठवण?"

"कुणाची का असेना! आपल्याला काय त्याचं?"

डेल्फिनाच्या मनातून ते जाईना. एखादी वस्तू बंद पडते, ती काही दरवेळी वाईट असते म्हणून नव्हे. कधी कधी लोकांनी ती ठरवून बंद पाडलेली असते, आणि कारण सांगायला कुणी उरत नाही.

रीतीप्रमाणे तिनं आराखड्यात खळगा भरून सपाट केला. पहिला दस्ता भरल्या गालाचा, गुळगुळीत निघाला. प्रत्येक नव्या नमुन्याची पहिली बंदूक तिचा नवरा गौदेंझिओ झाडून बघायचा. त्यानं गाल टेकला, एक डोळा मिटला आणि तसाच उभा राहिला.

"अरे उडव की! फोटो काढायचाय का?" ओत्तोरीनो ओरडला.

बऱ्याच वेळानं बार झाला. गौदेंझिओनं बंदूक खाली घेतली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "वाट बघायला चांगली आहे."

मग तो काम नसतानाही ती बंदूक काढून बसू लागला. दाढी करताना गाऊन अख्खी इमारत उठवणारा माणूस, पण घरात त्याचा आवाज येईनासा झाला. ताटातला पोलेंटा, मक्याच्या पिठाची ती उकड, निवून घट्ट व्हायचा.

"कुठं आहेस रे?"

"इथंच."

उजाडायच्या आत बूट चढवून तो निघायचा. "कामाला," म्हणायचा. त्या वेळी कारखान्याला कुलूप असे. डेल्फिनाला भीती वाटत होती, आणि ती स्वतःला समजावत होती की वय झालं, दुसरं काय.

माल पाठवण्यापूर्वी शेवटची तपासणी तिच्याकडे असे. तिनं गौदेंझिओची बंदूक उचलली, आणि बोट घसरून खाली गेलं. खळगा होता. मोजला. मूळ बंदुकीचा होता तेवढाच, केसाचाही फरक नाही. अक्रोडाचं लाकूड काही लोणी नव्हे.

तिनं त्याच आराखड्यावरून केलेल्या रॅकवरच्या दुसऱ्या बंदुका काढल्या. त्यांना अजून कुणी गाल लावला नव्हता. वरचं तेलही ओलं होतं.

सगळ्यांना खळगा होता.

"आराखडा चुकला तुझा," ओत्तोरीनो म्हणाला. तिनं आराखडा पुढं केला; त्यात खळगा नव्हता. त्यानं खळग्यावरून अंगठा फिरवला.

"माल पाठवायला मी सही करणार नाही," ती म्हणाली. "मला माझा नवरा परत हवाय."

"त्यालाच विचारलं मी. म्हणतो, पाठवून दे सगळ्या. त्याची एक सोडून."

दुसऱ्या दिवशी मूळ बंदूक घेऊन ती स्वतःच लोद्रीनोला गेली. सिन्योरा झाइरानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदूक ठेवून गवसणी काढली आणि दस्त्यावर तळहात फिरवला.

लाकूड सपाट होतं. खळग्याचा मागमूस नव्हता.

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. "गेला," ती म्हणाली. "सुटले गं बाई."

"कोण गेला, सिन्योरा?"

"नव्या बंदुकीला पहिला गाल लावेल, त्याच्याकडे जातो तो. कुणी लावला?"

"माझ्या नवऱ्यानं."

म्हातारीनं तिच्यासाठी कॉफी ओतली. साखर ढवळूनही दिली.

"पहाटे निघतो?"

"हो."

"जाऊ दे. अडवू नकोस. फक्त पायात बूट असले, की मागून हाक मारायची नाही."

"मारली तर?"

"पहिल्यांदा काही होत नाही. नुसता वळून बघतो."

डेल्फिनानं कप खाली ठेवला.

आजच पहाटे तिनं खिडकीतून हाक मारली होती. टोपी विसरलास म्हणून. तो दिव्याखाली थांबला, वळला, आणि एक डोळा मिटून बराच वेळ वर तिच्याकडे बघत राहिला. कितीतरी दिवसांनी स्वारी खुशीत आहे, असं तिला वाटलं होतं. लाजून, हसून तिनंही त्याला डोळा मारला होता.