घसरता पाय, अडता पाय

नंदुरबारहून धुळ्याची मोटार संध्याकाळी सुटणार होती, आणि तिच्यात अनीसला बेड्या घालून बसवणार होते. हलीमा भर दुपारी जालमसिंग गिरासेंच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली ती अनवाणी. बूट-चपला शिवणाऱ्याची बायको आणि पायात काही नाही! गावाला एरवी हसायला पुरलं असतं. आज कोणी हसलं नाही, यावरूनच तिने गावाचा निकाल ओळखला होता.

जालमसिंग पूर्वी रेल्वेत, हरवलेल्या मालाचा छडा लावायच्या कामावर होते. आता तेच काम खासगीत करत. त्यांच्या शेजारी बसलेला रेवजी हा पेन्शनीत निघालेला हवालदार. त्याचं पोट सगळीकडे आधी पोचायचं, विचार मागून यायचा.

"आबा, मन्हा नवराले वाचाडा," हलीमा म्हणाली. "तो कोनले मारनार नही."

"आधी पाणी पी, मग रड. दोन्ही एकदम केलं की ठसका लागतो," जालमसिंग म्हणाले. पण उठून तांब्या त्यांनीच आणला.

तिने सांगितलं ते असं. जिनिंग कारखान्याचा एक क्लब होता. तिथे सागाच्या फळ्यांची लांबलचक पट्टी घातलेली. तिच्यावरून जड गोळा घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या लाकडी बाटल्या पाडायच्या. त्याला म्हणायचं बोलिंग. त्या खेळाच्या बुटांचे झिजलेले तळ बदलायचं काम अनीसचं. काल सकाळी त्याने नवे तळ घातलेले बूट पोत्यात भरून क्लबात पोचवले. दुपारी कारखान्याचे मॅनेजर सोराबजीशेठ पट्टीच्या तोंडाशी मरून पडलेले सापडले. पायात तेच बोलिंगचे बूट आणि एकाचा तळ तोंड वासून सुटलेला.

"तळ सुटला, शेठ पडला, डोकं फुटलं. यात खून कुठे आला?" रेवजीने विचारलं.

"फौजदार म्हनतस, मुद्दाम कच्चा टाका घाला. परवा शेठनी त्याले बाजारमा बूट फेकीसन मारा ना! काम येळवर दिधं नही म्हनीसन. अनीस रागमा बोली गया, 'तुझा पाय घसरेल तेव्हा कळेल.' बठ्ठा बाजारनी ऐकं."

एवढं ती बोलली. एक गोष्ट मात्र तिने गिळली. अनीसच्या दोऱ्याला मेण ती लावत असे. तोरणमाळकडून मेण घेऊन येणारे डोंगरातले लोक या खेपेला आलेच नव्हते, म्हणून तिने मेणाचा हात आखडता घेतला होता. टाका खरंच उसवला असेल, तर अनीस बेड्यांत होता तो तिच्या काटकसरीपायी. काल दुपारपासून हा विचार तिला आतून कुरतडत होता.

चौकीत फौजदारांनी शेठच्या पायातले ते बूट टेबलावर ठेवले. डाव्या बुटाचा चामड्याचा तळ पुढून उघडा पडला होता. उजव्याला रबर होतं, ते शाबूत.

जालमसिंगांनी तळावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि तुटका दोरा उजेडाकडे धरून निरखला. हलीमाने मान वळवली.

"मार कुठे लागला होता, साहेब?"

"डोक्याला, मागून. पट्टीच्या कडेला लोखंडी रूळ आहे, त्यावर आपटले. कारखान्याच्या करणसिंगांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही हरवलेली कापसाची गासडी शोधा, गिरासे. इथे काही हरवलेलं नाही."

"बघू तर खरं."

गजांमागे अनीस उकिडवा बसला होता. उजव्या गालावरचा बुटाचा वळ अजून निळा होता. त्यावर हलीमाने लावलेली हळद वाळून भेगाळली होती.

"एकाच बुटाला चामडं का रे?" जालमसिंगांनी विचारलं.

"खेळच तसा शे, आबा. गोळा सोडताना एक पाय घसराले पाह्यजे, दुसरा अडाले पाह्यजे. घसरना त्याले चामडं, अडना त्याले रबर. ज्याचा जसा खेळ तसा त्याचा तळ." मग त्याने हलीमाकडे पाहिलं. "टाका सुटना का? तू दखं का? मन्हा टाका सुटना?"

फाशीच्या दोराची नाही, आपल्या टाक्याची काळजी!

क्लबात इंद्रसिंग होता. पट्टीला मेण लावायचं, बूट द्यायचे-घ्यायचे, बाटल्या उभ्या करायच्या, हे त्याचं काम. बोलताना तो पायाच्या अंगठ्याकडे बघायचा, आणि रेवजीने त्याला लगेच मनातल्या मनात आरोपी करून टाकलं.

"काल कुठे होतास?" रेवजी गरजला.

"घर, जेवाले. अनीस पोतं ठेई गया, मी जेवाले गऊ. उनू तं शेठ पडेल व्हतात."

"बुटांवर नावं नाहीत?" जालमसिंगांनी विचारलं.

"चिठ्ठ्या मी बांधस ना. जेवीसन बांधसू म्हनं. पोतं तसंच शे अजून."

"शेठ रागीट होते म्हणे?"

"भलता! आते हाऊ घाम पुसाना फडका दखा. त्यास्ना फडका डावी खुंटीलेच टांगना पडे. उजवीकडे दिसना का मन्हावर भडकेत."

कोपऱ्यात शेठचे बाहेरचे बूट नीट ठेवलेले होते. जालमसिंगांनी ते उलटे केले. तळाला चिखल वाळून कडक झाला होता, आणि चिखलात कापसाचे तंतू घट्ट बसलेले.

"पाऊस कधी झाला रे रेवजी?"

"पाऊस? होळी झाली, आबा. विहिरी तळाला गेल्या."

तोवर रेवजीला खेळ बघायची हौस आली होती. पोत्यातून एक जोड काढून त्याने पाय कोंबले, उजव्या हातात गोळा धरला, "घरी आमच्या रूपलीबाईला सांगेन, साहेबांचा खेळ खेळून आलो," म्हणत धावला. शेवटचं पाऊल डावं पडलं. ते जागीच चिकटलं, आणि हवालदारसाहेब पुढच्या पुढे तोंडावर आपटले. गोळा भलतीकडेच गेला.

इंद्रसिंग तोंड फिरवून हसला. जालमसिंगही हसले आणि मध्येच थांबले. पालथ्या पडलेल्या रेवजीच्या पायांपाशी वाकून त्यांनी दोन्ही तळ निरखले.

"ऊठ रे. आज पहिल्यांदा तुझ्या पडण्याचा कोणाला उपयोग झाला."

बाहेर मोटारस्टँडवर हॉर्न वाजला. हलीमा दाराकडे धावली. "आबा, मोटार!"

"भरल्याशिवाय ती सुटत नाही. चल."

करणसिंग हे कारखान्याचे असिस्टंट मॅनेजर. पांढरीस्वच्छ टोपी, गोड बोलणं. शेठच्या रिकाम्या खुर्चीत मात्र ते अजून बसले नव्हते. शेठच्या टेबलावर उजव्या हाताशी दौत-टाक होता, आणि टीपकागदही तिथेच.

"फार वाईट झालं. मी इथून क्लबाकडे निघालो होतो. क्लबाच्या खिडकीतून पाहिलं, शेठ उजव्या हातात गोळा घेऊन धावले. डावा पाय पुढे घसरला, आणि तळ असा टरकन सुटला! मी पोचेपर्यंत संपलं होतं."

"तुम्ही खेळता का?"

"छे! तो खेळ साहेबलोकांचा. कालपर्यंत मी कधी आत पाऊल ठेवलेलं नव्हतं."

"शेठ काल प्रेसघराकडे गेले होते?" प्रेसघर म्हणजे कापसाच्या गासड्या बांधायची जागा. क्लबाच्या पाठीला पाठ लावून होती.

"त्यांना दमा होता. महिनोन् महिने तिकडे फिरकले नाहीत. किल्ली माझ्याकडे असते."

करणसिंगांची नजर हलीमावर गेली. "बाई, रडून काय होणार? नवऱ्याने काम नीट केलं असतं तर ही वेळ आली नसती."

ते वाक्य तिला बरोबर मेणाच्या जागी लागलं. दाराबाहेर येताच तिने जालमसिंगांचे पाय धरले. "आबा, चूक मन्ही शे. मेण मी कमी लावं. त्याले सोडा, माले धरा!"

जालमसिंग तिच्यापाशी वाकले. "हे कालपासून एकटीने वाहते आहेस होय? ऊठ. रेवजी, फौजदारांना क्लबात बोलाव. अनीसला आणि तळ सुटलेले ते बूट आणायला सांग, आणि करणसिंगांना मानाने घेऊन ये."

उन्हं कलली होती. फौजदारांच्या एका हातात अनीसच्या बेड्यांची दोरी होती आणि कान मोटारीच्या हॉर्नकडे.

"लवकर आटपा, गिरासे."

"रेवजी, बूट चिकटला तेव्हा तू कुठे पडलास?"

"तोंडावर. ओठ अजून सुजलाय."

"पुढून सुटलेल्या तळाला ठेच लागली तर माणूस कुठे पडेल? तोंडावर. शेठना मार मागून. हा पहिला खोटा जमाखर्च. दुसरा असा की, पट्टीला इंद्रसिंग रोज मेण चोपडतो. एक पाऊल घसरलं तरी तळाला मेण लागणारच. या तळाला मेणाचा वाससुद्धा नाही. म्हणजे या बुटांनी कोणी खेळलंच नाही. ते मेलेल्या माणसाच्या पायात चढवले."

फौजदारांनी बूट नाकाशी नेला.

"आता दोरा. हलीमा, इकडे ये. तूच सांग."

ती पुढे येईना. जालमसिंगांनी बूट तिच्या हातात दिला. तिने डोळे उघडून पाहिलं. दोऱ्याची टोकं विस्कटलेली नव्हती, सगळी सारखी होती.

"हाई... हाई तं कापेल शे!"

"कापलेलाच आहे. कमी मेणाचा दोरा कुजायला पावसाळा लागतो, एक सकाळ पुरत नाही. पण खरी गंमत पुढेच. रेवजी पडला तो बूट बघा. चामडं उजव्या पायाला, रबर डाव्याला. उलटा! असा जोड कोणाचा असेल, इंद्रसिंग?"

"शेठना," इंद्रसिंग म्हणाला. "शेठ गोळा डावा हातनी टाकेत. म्हनीसन तं फडका डावी खुंटीले."

"डावखुरे? ते तर सह्या उजव्या हाताने करत!" फौजदार म्हणाले.

"शाळेत छडी खाऊन लिहिण्याचा हात बदलतो, फेकण्याचा बदलत नाही. ज्याने त्यांना फक्त लिहिताना पाहिलं, त्याला हे कसं कळावं? त्याने पोत्यातून हाताला लागला तो जोड उचलला, टाके कापले आणि शेठच्या पायात घातला. हा जोड कोणाचा रे?"

"स्टेशनमास्तरना शे," इंद्रसिंग बूट ओळखून म्हणाला.

"मेलेला शेठ दुसऱ्याच्या बुटात, आणि त्यांचा स्वतःचा जोड पोत्यात. करणसिंग, तुम्ही म्हणे शेठना उजव्या हाताने गोळा टाकताना पाहिलंत. तो हात त्यांनी आयुष्यात कधी गोळ्याला लावला नव्हता. तुम्ही काही पाहिलंच नाहीत. पायातला बूट बघून गोष्ट रचलीत."

करणसिंगांची टोपी तशीच स्वच्छ होती. तिच्याखालचा चेहरा मात्र उतरला.

"ही कल्पना झाली," ते म्हणाले.

"शेठचे बाहेरचे बूट कल्पना नाहीत. होळी उलटल्यावर नंदुरबारात ओला चिखल, तोही कापूस मिसळलेला, कुठे सापडेल? वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात तिथेच. शेठ काल तिकडे गेले, त्यांनी ते पाहिलं, तिथेच डोक्यावर मागून घाव बसला, आणि मग त्यांना उचलून इथे आणलं. फौजदारसाहेब, यांच्याकडून किल्ली घ्या. गासड्या अजून ओल्या असतील. एका रात्रीत गासडी वाळत नाही."

करणसिंगांचा हात खिशाकडे गेला, पण किल्ली काढण्याआधीच ते पट्टीच्या कडेवर बसले. "मला हाकलणार होते," ते पुटपुटले. "माझ्या हाताखालच्या माणसांदेखत."

फौजदारांनी अनीसच्या बेड्या काढल्या. मोटार नंतर हॉर्न देऊन गेली. तिच्यात दुसराच माणूस बसला होता.

बाहेर येताना जालमसिंग हलीमाला म्हणाले, "शेठ डावखुरे, हे मला फडक्याआधीच कळायला हवं होतं. पुरावा तर तू परवाच हळद लावून ठेवला होतास."

तिला उमगेना. मग तिने अनीसकडे पाहिलं. समोरून बूट फेकणाऱ्याचा हात उजवा असता, तर वळ डाव्या गालावर उठला असता. तो होता उजव्या. दोन दिवस ती स्वतःच्या बोटांनी त्यावर हळद चोपडत होती!

अनीस मात्र मागेच रेंगाळला होता. इंद्रसिंगने शेठचा जोड त्याच्या हाती दिला होता, आणि तो तळाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"चांगला उतरना व्हता," तो म्हणाला. "आते नंदुरबारमा कोनाच पायले हाऊ चालाव नही."

हलीमाने तो जोड त्याच्याकडून घेतला आणि पदराखाली धरला. दोघं घराकडे निघाली. ती अजून अनवाणीच होती.