ठसकणारी जीप

"उद्या सात म्हणजे सातला अंबाजोगाईत हजर! डॉक्टरीणबाई, लशीची पेटी, बर्फ, सगळं जीपमध्ये घालायचं आणि थेट धुळाजीआबांच्या माळावर!" राधाकिशनकाकांनी बेत सांगितला आणि किल्ली फिरवली.

जीप सुरू झाली, गदगदा हलली, भक्‌कन काळा धूर सोडला आणि बंद पडली!

"अण्णा, तुमचा बेत जीपला पसंत न्हाई," त्यांचा मुलगा सुरज म्हणाला.

कोणीच हसलं नाही. दिंद्रुडजवळच्या माळावर मेंढ्यांची साथ आली होती. शेजारच्या कळपातल्या अकरा मेंढ्या चार दिवसांत गेल्या होत्या. धुळाजीआबांच्या तीनशे मेंढ्यांना लस द्यायला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फक्त उद्याचाच दिवस मोकळा होता. एसटी फाट्यापर्यंतच जायची. तिथून माळ सात किलोमीटर! मेच्या उन्हात बर्फ टिकणार कसा? आणि लग्नसराईमुळे दुसरी गाडी मिळता मिळत नव्हती.

आबांची नात वनमाला जीपपाशी उभी होती. सुट्टीत दिवसभर तीच मेंढ्या वळायची. कळपातली एकेक मेंढी तिला नावानं ठाऊक होती.

"अण्णा, ही कधीपासून असं करते?" ऋतुजानं विचारलं. ती सुरजची चुलत बहीण, आठवी पास होऊन सुट्टीला दिंद्रुडला आलेली.

"आठ दिवस झाले. बंकट मिस्त्रीकडून सर्व्हिसिंग करून आणली अन् हे सुरू झालं. तो म्हणाला, डिझेल फवारणारं एक नोझल बिघडलंय. ते नवीन टाकलं, तरी तेच!"

तेवढ्यात बंकट मिस्त्री आलाच. त्यानं बॉनेट उघडलं, पण आत नीट पाहिलंही नाही. "इंजिनच उतरवावं लागंल. आठ दिवस तरी लागतील. जेवून येतो अन् खोलायला घेतो," म्हणाला आणि निघून गेला.

"आठ दिवस!" वनमालानं डोळे पुसले. "तवर आमच्या मेंढ्या..."

"रडू नको गं," ऋतुजानं तिचा हात धरला. "मिस्त्री जेवून येईपर्यंत वेळ आहे आपल्याकडे. अण्णा, एक चक्कर मारू या?"

काकांनी पुन्हा किल्ली फिरवली, या खेपेला जीप कशीबशी चालू राहिली. तिघं मागे बसली. ऋतुजानं वही उघडली. जीप उभी असली की थरथरायची. हळू चालली की आचके द्यायची. पण मोठ्या रस्त्यावर वेग घेतल्याबरोबर बरीच सुरळीत झाली!

"गंमत आहे!" ऋतुजा म्हणाली. "डिझेल कमी पडत असतं, तर वेगात जास्त दम लागला असता. इथं उलटंच आहे!"

"म्हंजे उपाशी न्हाई, अपचन झालंय!" सुरज म्हणाला.

परत आल्यावर वनमालानं डोळे मिटले आणि बॉनेटकडे कान लावला. इंजिन चालूच होतं.

"मिस्त्री एकच नोझल बिघडलंय म्हणत होते ना? मग ठसका ठरल्या टायमाला यायला पायजे. एक पाय लंगडा असला की मेंढी चौथ्या पावलाला लंगडती. ही तशी न्हाई. कवा लगेच ठसकती, कवा दम धरून. ही सगळीच गुदमरायलीय!"

"गुदमरतेय!" ऋतुजा उडालीच. "शाबास, वनमाला! शाळेच्या प्रदर्शनात आमचा तक्ता होता, वाहनांच्या धुराचा. गाडीचा जळालेला थोडा धूर एका झडपेतून परत इंजिनात सोडतात, म्हणजे बाहेर विषारी वायू कमी जातो. पण गाडी नुसती उभी असली की ती झडप बंद पाहिजे. उघडीच राहिली तर?"

"तर हवेऐवजी धूर!" सुरज ओरडला. "चुलीवर तोंड धरल्यासारखं!"

काकांनी इंजिन बंद केलं. सुरजनं बॉनेटच्या आतल्या बाजूवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. खाली एक चिकटवलेलं चित्र निघालं! कोणती बारीक रबरी नळी कुठं जाते, ते त्यात दाखवलं होतं. पांढऱ्या रेघेची नळी एका काळ्या डबीला आणि साधी नळी झडपेला.

तिघांनी एकदम आत पाहिलं.

"उलट्या लावल्यात!" वनमाला कुजबुजली.

काकांनी वाकून खात्री केली. "रेघवाली नळी पंपाची. ती सतत हवा ओढती. कधी ओढायची अन् कधी न्हाई, ते ही डबी ठरवती. पंपाची नळी सरळ झडपेला लावली म्हणल्यावर..."

"झडप कायम उघडी!" सुरजनं टाळी वाजवली.

"कोण हात लावायलंय बे तिकडं?" बंकट ढेकर देत आला. "पोरांचा खेळ हाय का हा?"

सुरज काही बोलणार होता, पण ऋतुजानं त्याचा पाय दाबला. "मामा, तुमच्या मते नोझल आणि इंजिनच बिघडलंय ना? मग झडपेची ही नळी काढली तर काही फरक पडणार नाही?"

"काडीचाबी न्हाई!"

"मग बघू या! वनमाला, तू पाठ फिरव आणि नुसतं ऐकून सांग."

काकांनी जीप सुरू केली. ती पुन्हा थरथरू लागली. काका खाली उतरले, पंख्यापासून हात जपत त्यांनी नळी उपसली आणि तिच्या तोंडावर बोट दाबलं.

"आत्ता काढली!" पाठमोरी वनमाला ओरडली.

थरथर थांबली होती! काकांनी गुपचूप नळी परत लावली.

"लावली!"

तीन वेळा काढली, तीन वेळा लावली. वनमाला एकदाही चुकली नाही. शेवटी बंकट पुढं झाला, चित्र पाहिलं आणि दोन्ही नळ्या स्वतःच्या हातानं बदलून लावल्या. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"घाईत माझ्याकडूनच उलट्या लागल्या," तो मान खाली घालून म्हणाला. "चुकलो, राधाकिशनराव. नोझल उगीच बदललं. लेकरांनी ऐकलं, मी ऐकलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच जीप माळावर पोचली. पेटीतला बर्फ अजून घट्ट होता! डॉक्टरीणबाई सुई भरत होत्या, वनमाला मेंढी धरत होती, सुरज टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देत होता आणि ऋतुजा मोजत होती. दुपार कलली तेव्हा तिनं वही उंचावली. "तीनशे!"

"तुमच्यामुळं वेळेत झालं," डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या. "आणखी चार दिवस गेले असते, तर साथ इथंही शिरली असती."

धुळाजीआबा कमी बोलणारे. काठी टेकत ते तिघांपुढं आले. आधी ऋतुजाच्या, मग सुरजच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. वनमालापाशी मात्र थबकले.

"मुक्या जनावराचं दुखणं कळायला माजी हयात गेली," ते म्हणाले. "पोरी, तुला तर लोखंडाचंबी कळलं!"

वनमाला लाजून मेंढ्यांत पळाली, आणि तिच्यामागं तीनशे ठिपके माळभर उधळले!