धरणापर्यंत आणि परत

गाडीच्या आवाजावरूनच फिटरने ओळखलं. समोरच्या स्कूटरमध्ये घातलेलं डोकं वर न काढता तो म्हणाला, "या काका! क्लच सैल झालाय तुमचा. किती दिवसांनी आठवण झाली गरिबाची?"

"काका गेले," मागून एका मुलीचा आवाज आला. "तीन आठवडे झाले. मी त्यांची मुलगी."

फिटरच्या हातातला पाना खाली पडला.

लाइनमन काका... उभा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेला माणूस. आणि गेला कसा, तर दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. त्यांची मोटरसायकल फिटर दहा वर्षं बघत होता. गाडी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती, म्हणून तो तिला थट्टेने मोठी बहीण म्हणायचा. त्याने स्टूल फडक्याने पुसलं, पुढे सरकवलं आणि मग पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे रडून दमलेले होते, पण नजर सरळ होती. आणि नाकावर काळ्या ऑइलचा एक ठिपका होता... तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"चालता चालता बंद पडते," ती म्हणाली. "दहा मिनिटं थांबलं की परत सुरू होते. मला ती शनिवारपर्यंत नीट हवीय."

"आवाज काढून दाखवा."

"काय?"

"बंद पडताना कसा आवाज येतो, तो तोंडाने काढून दाखवा. माझ्याकडे सगळ्यांना काढावा लागतो. काका तर फार छान काढायचे."

तिने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या दुकानातला पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून टक लावून बघत होता. तिने डोळे मिटले. "डुग डुग डुग डुग... डुग... डु... फुस्स."

पंक्चरवाला हसता हसता खोकायला लागला. फिटर मात्र हसला नाही.

"शेवटी फट् असा बार निघतो?"

"नाही. हळूहळू जीव जातो—" ती बोलता बोलता थांबली. आपणच काय बोललो ते तिला ऐकू आलं होतं.

"पेट्रोल कमी पोचत असेल," फिटर पटकन म्हणाला. "बघतो. घाबरायचं कारण नाही."

त्याने नेहमीसारखं आधी टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवून पेट्रोल किती आहे ते पाहिलं, झाकण लावलं आणि कामाला लागला. ती स्टुलावर बसून सांगत होती. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. तिथे गाडीशिवाय चालणार नव्हतं, आणि तिला हीच गाडी हवी होती. पण चार दिवसांपूर्वी ती चढावर बंद पडली, मागून ट्रक येत होता, आणि ते नेमकं तिच्या थोरल्या भावाने पाहिलं.

"दादा म्हणाला, एक माणूस गेलं तेवढं पुरे. गिऱ्हाईक शनिवारी पाच वाजता येतंय. त्याच्या आत ही गाडी धरणापर्यंत जाऊन, एकदाही बंद न पडता परत आली, तर माझी. नाहीतर गेली."

"किती किलोमीटर?"

"जाऊन येऊन चाळीस."

"एवढंच ना!" फिटर म्हणाला. प्लग साफ केला, कार्बोरेटर उघडून धुतला, क्लच आवळला. गाडी अर्धा तास दुकानासमोर एका लयीत धडधडत राहिली. ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या नाकावर... ऑइल आहे."

"कधीपासून?"

"आल्यापासून."

"आणि आत्ता सांगताय?"

ती गेल्यावर पंक्चरवाला म्हणाला, "एक सांगू? चुकूनही तिला ताई म्हणू नकोस. जन्मभर पस्तावशील."

मंगळवारी ती थोडी चालवत, थोडी ढकलत गाडी घेऊन आली. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"नवव्या किलोमीटरला! डुग डुग फुस्स!"

फिटरने झाकण उघडलं, पेट्रोल पाहिलं, पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक काढून धुतला, पाइप बदलला. गाडी दुकानात वाघासारखी चालली. ती त्याच्या मागे उभी राहून प्रत्येक गोष्ट विचारत होती. हे काय? ते कशाला? आणि तो सांगत होता. त्याला एवढं बोलता येतं हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

"आम्ही रिपोर्ट आल्याशिवाय औषध देत नाही," ती म्हणाली. "तुमचं उलटं आहे. आधी औषध, मग रोग."

"मग तुमच्याकडे पाठवतो रक्त तपासायला."

"कोणाचं? गाडीचं की फिटरचं?"

फिटरने खाली पाहिलं आणि आधीच घट्ट असलेला एक नट पुन्हा आवळला.

गुरुवारी ती परत आली. या वेळी ती हसत नव्हती. स्टँड लावला, हेल्मेट काढलं आणि फिटर झाकण उघडून पेट्रोल बघत होता तेवढ्यात त्याच्यासमोर उभी राहिली.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"गल्लीत बोलतात की फिटर गाडी मुद्दाम नीट करत नाही. मुलगी रोज यावी म्हणून. माझ्या बाबांची गाडी जाईल परवा. तुम्ही... मुद्दाम करताय?"

शेजारी पंक्चरवाल्याचा पंप थांबला. फिटरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्याने हात पुसले. मग आधीच पुसलेले हात पुन्हा पुसले.

"बिघाड माझा नाही," तो म्हणाला. "काकांची शपथ. मला तो सापडत नाही, हे खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते. पण—" तो अडखळला. "पण दर वेळी गाडी परत आली की मला आनंद झाला. तेवढी चूक माझी."

तिने हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

"शनिवारी तीन वाजता," ती म्हणाली. "मी चालवणार, तुम्ही मागे बसणार. ती दुकानात कधीच आजारी नसते. जिथे आजारी पडते तिथे डॉक्टर पाहिजे."

शनिवारी फिटरने धुतलेला शर्ट घातला होता. पंक्चरवाल्याने शिट्टी मारली. "टेस्टला चाललास की मुलगी बघायला?"

"पाने दे इकडे आणि गप्प बस."

मागच्या सीटवर तो पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसला. आयुष्यात इतकं जपून तो कधी कोणाच्या मागे बसला नव्हता. वाऱ्याने तिची ओढणी सुटून त्याच्या तोंडावर आली. त्याने ती अलगद बाजूला केली, ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा त्याने ती बाजूला केली नाही.

"सात!" ती ओरडली. "आठ!"

आणि नवव्या किलोमीटरला, चढावर... डुग... डुग... डु... फुस्स.

रस्ता एकदम शांत झाला. फक्त तापलेला सायलेन्सर टकटक करत होता. घड्याळात सव्वातीन झाले होते. फिटर उडी मारून उतरला. प्लग काढून पाहिला, ठिणगी होती. कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सैल केला. पेट्रोलचे चार थेंब पडले आणि धार थांबली.

"पेट्रोल खाली उतरत नाही. पण का? सगळं तर बदललंय..." त्याचा हात सवयीने टाकीच्या झाकणाकडे गेला.

"थांबा!" तिने त्याचं मनगट धरलं. "हात लावू नका. हेच तुम्ही दर वेळी करता."

"काय?"

"झाकण उघडता. गाडी दुकानात आली की सगळ्यात आधी झाकण. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी. आम्ही लॅबमध्ये नमुन्याला आधी हात लावला की नमुना बिघडतो. तुम्ही झाकण उघडता आणि मग ती बरी असते."

फिटर तिच्याकडे बघत राहिला. मनगट अजून तिच्या हातात होतं. मग त्याने खाली वाकून झाकणाला कान लावला आणि झाकण अगदी हळू फिरवलं.

हुस्स्स... टाकीने मोठा श्वास घेतल्यासारखी हवा आत ओढली.

"मी गाढव आहे!" फिटर ओरडला. "शुद्ध गाढव! झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली गेलं की तिथून हवा आत येते. ते बुजलं की आत हवा नाही, पेट्रोल अडकून बसतं. मी झाकण उघडायचो, हवा जायची, आणि म्हणायचो गाडी ठणठणीत!" त्याने झाकण उन्हात धरलं. आरशासारखं चकाकत होतं. भोकात पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. "हे काय आहे? मेण?"

तिचा चेहरा उतरला.

"पॉलिश," ती हळू म्हणाली. "बाबा गेल्यापासून रोज संध्याकाळी मी गाडी पुसते. पॉलिश लावून. दुसरं काही सुचायचं नाही."

माणूस गेलं की हाताला काहीतरी काम लागतं, हे फिटरला ठाऊक होतं. त्याने आईच्या मागे सहा महिने तिचा चष्मा पुसला होता.

"पिन आहे?" त्याने विचारलं.

तिने ओढणीची पिन काढून दिली. दोन मिनिटांत भोक मोकळं झालं. त्याने फुंकर मारली, आरपार गेली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली.

"चला धरणावर!"

"नाही," तिने गाडी वळवली. "एकदा बंद पडलीय. दादाला खोटं सांगणार नाही. पुन्हा घरापासून."

"अहो, सव्वातीनचे साडेतीन झाले!"

"मग घट्ट धरा."

त्याने धरलं. आधी सीटला, मग पहिल्या वळणावर तिच्या खांद्याला. दाराशी उभ्या दादाने त्यांना परत आलेलं पाहून तोंड उघडलं, तोवर ती ओरडली, "आता पहिल्यापासून! घड्याळ लाव!" आणि गेलीसुद्धा.

सात, आठ, नऊ... नववा गेला! दोघं एकदम ओरडले. पंधरा, अठरा, आणि समोर धरणाची भिंत आणि उन्हात लखलखणारं पाणी. इंजिन बंद करायचं नव्हतं, म्हणून गाडी तशीच धडधडत उभी ठेवून त्यांनी पाय टेकवले.

"आता तुमची गाडी नीट झाली," फिटर मागून मोठ्याने म्हणाला. "आता तुम्ही येणार नाही."

"मग?"

"मला ते नकोय!"

"इंजिनचा आवाज आहे, जोरात बोला!"

"तुम्ही मला आवडता!" फिटरने एवढ्या जोरात सांगितलं की भिंतीवर बसलेले बगळे उडाले. "लग्न कराल का माझ्याशी?"

ती वळून त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी आणि हसू एकदम.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "पुन्हा ऐकायचं होतं."

"म्हणजे हो?"

"हो! आता बसा नीट, पस्तीस मिनिटं उरलीत, नाहीतर गाडी जाईल."

पाचला चार मिनिटं असताना ते दारात पोचले. गिऱ्हाईक ओट्यावर बसून होतं. दादाने गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिनाला कान लावला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. बंद आत्ता मी करतेय." तिने चावी फिरवली.

दादा बराच वेळ टाकीवर हात ठेवून उभा राहिला. मग गिऱ्हाईकाला म्हणाला, "माफ करा, गाडी द्यायची नाही." आणि डोळे पुसायला तो आत निघून गेला.

"आज सांगायचं?" फिटरने हळूच विचारलं.

"आज नको. आज त्याने गाडी विकायचा हट्ट सोडलाय. एका दिवसात दोन धक्के कसे द्यायचे?"

सोमवारी सकाळी ती नोकरीवर गेली. रविवारी सुट्टी असते तेव्हा ती येते, आणि फिटर त्या दिवशी दुकान बंद ठेवतो. पंक्चरवाल्याला सगळं माहीत आहे. दादाला सांगायचं अजून राहिलं आहे.