आतलं दार

लोक मले म्हणतात, भावना, बापाले त्या बागेत नेलंच काहून? बोलायले काय जाते त्यांचं. माझ्या बाबानं, देवमननं, अकोल्याच्या एका जुन्या बागेत एकतीस वर्षं जनावरं सांभाळली. पुढं जनावरं दुसरीकडं नेली, पिंजरे रिकामे पडले, पण बाबाचं मन तिथंच राह्यलं. दोन महिने एकच धोशा, एक डाव पिंजरा पाहू दे. मग गेल्या ऐतवारी मूर्तिजापूरहून दुपारच्या गाडीनं आमी गेलो.

बागेत चांगलं ऊन होतं. हिरवळीवर बायका डबे उघडून बसल्या होत्या. पार मागं, चिंचांखाली, अस्वलाचा पिंजरा. गज गंजलेले, पुढचं दार नुसतं टेकवलेलं. तिथं आल्यावर बाबा बोलायले लागले. इतक्या वर्षांत घरी कदी सांगतलं नव्हतं.

पिंजरा झाडायले दोन माणसं लागत. एकजण मागं जाऊन अस्वलाले आतल्या खोलीत घेई आन् साखळीनं मधलं सरकतं दार खाली सोडे. दुसरा पुढं झाडू घेऊन उभा राही आन् इचारे, "बंद?" मागच्यानं दार डोळ्यानं पाहायचं, मगच "बंद" म्हणायचं. त्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही.

"त्या दिवशी माझा जोडीदार किसन पुढं होता," बाबा म्हणाले. "मी मागं बिडी पेटवत होतो. त्यानं इचारलं. मी पाह्यलंच नाही, पोरी... बंद म्हणून टाकलं."

दार वरच होतं, अस्वल बाहेर आलं, किसनराव त्यातच गेले. सगळ्यांनी साखळीले दोष दिला, आन् बाबानं देऊ दिला. मले राग आला, खरं सांगते.

तेवढ्यात त्यांनी पुढचं दार लोटलं आन् आत तोंड करून हळूच इचारलं, "किसन... बंद?"

मागच्या खोलीतून उत्तर आलं. "बंद."

आवाज साधा होता, कामातल्या माणसाचा. बाबाचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते आत गेले आन् वाकून हातानं वाळला पाला गोळा करायले लागले. मी मधल्या दाराकडं पाह्यलं. ते वरच होतं, गंजून तसंच अडकलेलं. पलीकडच्या अंधारातून ओल्या केसांचा वास आला. तिथं कोणीतरी जड श्वास घेऊन राह्यलं होतं.

"बाबा, बाहेर या..."

"किसननं सांगतलं ना, बंद हाय."

मी बखोट धरून त्यांले ओढत आणलं. मागं जाऊन पाहायची माझी छाती झाली नाही.

घरी आल्यापासून बाबा शांत हायेत. जेवण जाते, झोप लागते. किसन माझ्याशी बोलला, म्हणतात. त्यांचं असं समाधान पाहून मलेच रडू येते. फक्त रोज दिवेलागणीले खाटेवरून इचारतात, "बंद?" मी उठते, मागच्या दाराची कडी हातानं चाचपते, मगच "बंद" म्हणते. न पाहता म्हणायची मले भीती वाटते.

काल त्यांनी इचारलं तवा माझे हात कणकेत होते. मी उठायच्या आतच मागून उत्तर आलं. बाबा निवांत कुशीवर वळले.

मी जाऊन पाह्यलं. दार सताड उघडं होतं. आमच्या गल्लीत चिंचेचं झाड नाही, तरी उंबऱ्याच्या आतल्या अंगाले चिंचेचा वाळला पाला पडला होता.