उलट्या पदरांचे पागोटे

भाद्रपदातली पहाट. भैरवकड्याच्या तटावर धुके असे रेलून बसले होते की पहारेकऱ्यांना एकमेकांचे भाले दिसत, पण भाला धरणारे दिसत नसत. खाली, सरळ तुटलेल्या कड्याच्या पायथ्याशी, तांबडी नदी घोंघावत होती. चौदा दिवसांपूर्वी याच नदीने गडाचे धनी रंगराव बिरवटकर गिळले, असे सारा गड म्हणत होता. शिकारीत पाय निसटला, प्रेत हाती लागले नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागला. मागे राहिले ते एवढेच, करवंदीच्या जाळीत अडकलेले त्यांचे केशरी पागोटे.

बिरवटकरांच्या घरची रीत अशी की धनी गेला की त्याचे पागोटे सुतक फिटेपर्यंत गादीवर ठेवायचे. चौदाव्या दिवशी घरातल्या वडील बाईने ते भरदरबारी उलगडायचे, वारसाच्या डोक्यावर आपल्या हाताने बांधायचे आणि वर तुरा खोवायचा. तुरा खोवेपर्यंत गडावर हुकूम त्या बाईचा. तुरा खोवला की वारसाचा. किल्लेदार सुभानजी दळवी या रीतीला इतका बांधलेला की चुकीच्या माणसाला तुरा लागला, तर डोळ्यांत पाणी आणून का होईना, पण मुजरा त्यालाच करील.

आज तुरा लागायचा होता तो रंगरावांच्या धाकट्या भावाला, हैबतरावांना.

दोघांच्या आई, आऊसाहेब, सूर्य वर येण्याआधीच सदरेवर आल्या. साठी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ. मागोमाग थोरली सून रेवती आली. तिला चौथा महिना लागला होता आणि ही गोष्ट गडावर दोघींनाच ठाऊक होती. हैबतरावांनी दोन दिवसांपासून तिच्या महालाभोवती गारदी बसवले होते, "वहिनीसाहेबांच्या काळजीपोटी." ज्याने भावाच्या हयातीत कधी वहिनीला पाणी विचारले नाही, त्याला एकाएकी एवढा उमाळा आलेला पाहून आऊसाहेबांनी मनातल्या मनात भुवई उंचावली होती.

त्यांनी पागोट्यावर झाकलेला रेशमी रुमाल उचलला. सुतकात त्या महालाबाहेर पडल्या नव्हत्या; पागोटे जवळून पाहत होत्या ते आज प्रथमच.

आणि हात तिथेच थिजला.

रंगराव डावरे होते. लहानपणी सवंगडी चिडवत म्हणून आऊसाहेबांनीच त्यांना समोर बसवून पागोटे बांधायला शिकवले होते. जगाच्या पागोट्याचे पदर डावीकडून उजवीकडे चढत, रंगरावांचे उजवीकडून डावीकडे. पुढे दरबारात त्याची ऐट मानली जाऊ लागली. दोघा-तिघा लाळघोट्या मानकऱ्यांनी तसे बांधून पाहिले आणि कपाळावर पागोटे घसरून फजितीही करून घेतली.

समोरच्या पागोट्याचे पदर मात्र चारचौघांसारखे चढले होते.

"सूनबाई, हे पागोटं कुणी हाताळलं?"

"कुणी नाही, आऊसाहेब. भावोजींनी स्वतः आणलं, स्वतः ठेवलं. म्हणाले, दादांनी बांधलं होतं तस्सं आहे, एक पदर हलू दिला नाही."

आऊसाहेबांना ते बोलणे आठवले. पडद्याआडून त्यांनीही ऐकले होते. तेव्हा त्यात माया वाटली होती. खरे सांगणारा दोन शब्दांत उरकतो, खोटे रचणाऱ्याला तपशिलाची हौस फार. हैबतरावांना ती पाळण्यातूनच होती.

पागोटे सुटले होते. कुणीतरी ते पुन्हा बांधले होते. का सुटले असेल, याचा विचार त्यांनी पुरता होऊ दिला नाही. कारण शिंगे वाजली आणि दरबार भरू लागला.

हैबतराव आले. मुंडण केलेले डोके, पांढरा अंगरखा, कमरेला कट्यार, चेहऱ्यावर नेमके हवे तेवढे दुःख. मानकऱ्यांनी आपापल्या जागा घेतल्या. दाराशी वीस गारदी उभे राहिले. किल्लेदार गादीच्या उजव्या हाताला तुऱ्याचे तबक घेऊन उभा राहिला.

"आऊसाहेब, मुहूर्त टळू नये," हैबतराव लवून म्हणाले. "दादांचं ओझं पेलायला आपल्या लेकाला आशीर्वाद असावा."

"बैस, हैबती. ओझं मी डोक्यावर देतेच आहे."

मानकऱ्यांत कौतुकाची कुजबुज झाली. आऊसाहेबांनी पागोटे उलगडायला घेतले. पहिले चार पदर सुळसुळत सुटले. पाचव्याला कापड अडले. आतले दोन हात लांबीचे कापड दोरखंडासारखे पिळलेले होते. जरीचा काठ उसवला होता आणि मधोमध काळपट डाग वाळला होता.

कड्यावरून पडणाऱ्याच्या पागोट्याला कोणी पीळ घालीत नाही.

क्षणभर त्या बाईला समोरचा दरबार दिसेनासा झाला. तुरा खोवला तर एक मुलगा उरत होता. न खोवला तर दोन्ही जात होते. आणि मागे उभ्या असलेल्या रेवतीच्या पोटात जे होते, त्याला या तुऱ्याखाली पहिला श्वास घेता येणार नव्हता.

त्यांनी पिळलेला भाग हैबतरावांच्या गळ्याभोवती टाकला आणि दोन्ही टोके पुढे धरली.

"असं... असं कुठं बांधतात, आऊसाहेब?" हैबतरावांचा आवाज चिरकला. "डोक्यावर घ्या ना!"

"घेते रे, घाई कसली? तुझ्या दादाचा हात कोणता होता?"

"हात?"

"पागोटं बांधायचा. साऱ्या गडाला ठाऊक आहे. तूच सांग."

हैबतरावांच्या ओठांवरचा रंग उतरला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मानकरी सवयीने पुटपुटला, "डावा," आणि आपण काय बोललो हे कळून जागच्या जागी गोठला.

"एक पदर हलू दिला नाहीस ना? मग हे उजव्या हातानं कुणी बांधलं, हैबती? आणि हा पीळ कुणी घातला?"

गळ्यावरचे कापड हैबतरावांनी दोन्ही हातांनी उपटून काढले, जणू विंचू होता. धिटाई संपली की माणूस साथीदार शोधतो. ते आईकडे झुकले आणि दातांतून फुसफुसले, "मला विचारता? तुम्हीच म्हणाला होतात! गेल्या दसऱ्याला, याच सदरेवर!"

हे शब्द तिघांनीच ऐकले: आऊसाहेबांनी, रेवतीने आणि किल्लेदाराने. तिथेच थांबता आले असते. दोषी एकटाच ठरला असता आणि आई निष्कलंक उरली असती.

"मोठ्यानं बोल," आऊसाहेब म्हणाल्या.

"आऊसाहेब..."

"दरबार ऐकतो आहे. काय म्हणाले होते मी?"

"म्हणाला होतात, गादी तुझ्या अंगाला शोभली असती! देवानं मोठा आधी धाडला ही चूकच झाली म्हणून!" हैबतराव आता ओरडतच होते. "ती चूक मी सुधारली! तुमच्यासाठी सुधारली!"



"म्हणाले होते," आऊसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "लाडात म्हणाले, पण म्हणाले. ते माझ्या माथी. सुभानजी, तुरा कुठं आहे?"

"तबकात, आऊसाहेब."

"मग हुकूम कुणाचा?"

"आपला."

"दरवाजे लावा."

हैबतरावांनी कट्यार उपसली. आऊसाहेब हलल्या नाहीत. किल्लेदाराने तबक अदबीने खाली ठेवले, त्यातला तुरा सरळ केला आणि मग तलवार काढून मध्ये उभा राहिला. गारद्यांच्या नाईकाने बंद दारांकडे पाहिले, दाराशी उभ्या ठाकलेल्या गडकऱ्यांकडे पाहिले आणि भाला जमिनीवर ठेवला. त्याची एकोणीस माणसे इतक्या चपळाईने वाकली की तेवढी चपळाई त्यांनी कवायतीत कधी दाखवली नव्हती.

दुपारी हैबतरावांना कड्यावर नेले. शिक्षा आऊसाहेबांनी सांगितली आणि शेवटपर्यंत उभ्या राहून पाहिली. नंतर त्या रेवतीपुढे आल्या.

"गडाचा वारस तुझ्या पोटात आहे. माझा निवाडा करणारं तूच एक माणूस उरलंस."

 रेवती म्हणाली, "आज तुम्ही माझं मूल वाचवलंत, ते मी विसरणार नाही. दसऱ्याला बोललात तेही विसरणार नाही. आपण गड उतरावा."

पालखी आणली होती. त्या चालत उतरल्या.

माघात गडावर तोफा झाल्या. बाराव्या दिवशी, आऊसाहेब राहत होत्या त्या पायथ्याच्या देवळात सुभानजी स्वतः आला. मुजरा करून साखरेची पुडी ओवरीवर ठेवली.

"मुलगा आहे. वहिनीसाहेबांनी सांगितलंय, नाव आजीनं सुचवावं."

आऊसाहेब चटकन उठल्या. सुभानजीने मान खाली घातली.

"सुचवावं, एवढंच. वर यायचं म्हणाल्या नाहीत."

त्या पुन्हा बसल्या. चिमूटभर साखर जिभेवर ठेवली आणि ती विरघळेपर्यंत थांबल्या.

"रेवतीच्या वडिलांचं नाव ठेवा."

"आऊसाहेब, रीतीनं बापाकडच्या आजोबांचं किंवा बापाचं. बिरवटकरांच्या घरचं..."

"या घरचं काहीसुद्धा त्याच्या अंगावर नको. जा सुभानजी, पाळण्याशी खोळंबा होईल."

सुभानजी जन्मात पहिल्यांदा रीत मोडणारा निरोप घेऊन निघाला. पहिल्या वळणावर त्याने मागे पाहिले. आऊसाहेब गडाकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि उरलेली साखर मुंग्यांना घालत होत्या.