कडेचा एक इंच

अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या डुलुथ गावाच्या उतारावरून जानेवारीत माणसं दोन प्रकारे खाली येतात. काही चालत येतात. बाकीची मनात नसताना येतात. कोरा लिंडक्विस्ट दुसऱ्या प्रकाराने आली. तिच्या आधी तिचं औषधशास्त्राचं पुस्तक आलं. चार किलोचं ते धूड बर्फावरून सुसाट घसरत बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका उंच तरुणाच्या घोट्यावर आदळून थांबलं. पाठोपाठ कोरा आली आणि त्याचा दुसरा घोटा धरून थांबली.

"हे पुस्तक तुमचं?" त्याने वाकून विचारलं.

"हो... आणि हा पाय तुमचा?"

"होता. ठेवा हवा तर. दुसरा आहे माझ्याकडे... म्हणजे पुस्तक लागायच्या आधी होता."

त्याने हात दिला. उठताना कोराच्या लक्षात आलं की त्याच्या पिशवीतूनही तेच चार किलोचं पुस्तक डोकावतंय. इतक्या पहाटे, इतक्या थंडीत, इतकं जड पुस्तक घेऊन फिरणारी माणसं एकाच ठिकाणी जात असतात.

ते ठिकाण म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची पदवी पंधरा महिन्यांत देणारं कॉलेज. प्रवेशाची अट एकच : आधीची एक पदवी हवी. म्हणजे आयुष्यात एकदा तरी पस्तावलेला माणूस हवा. कोरा सहा वर्षं एका विमा कंपनीत नकारपत्रं लिहीत होती. 'आपली शस्त्रक्रिया आमच्या नियमांत बसत नाही, क्षमस्व.' एका म्हाताऱ्या बाईंनी त्या पत्राला उत्तर म्हणून स्वतः विणलेले लोकरी मोजे पाठवले, त्या दिवशी कोराने राजीनामा दिला. तो उंच तरुण, ओडेल लूमिस, शाळेत ट्रॉम्बोन शिकवायचा. शाळेने वाद्यवृंद बंद केला आणि त्याच्या हातात व्हॉलीबॉल दिला. त्याने तो नम्रपणे परत केला.

लिंडक्विस्टनंतर लूमिस. प्रयोगशाळेत वर्णानुक्रमाने जोड्या लागल्या, तेव्हा प्रोफेसर ट्वेट यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

मग सुरू झाली ती घोडदौड. हृदय तीन दिवसांत उरकलं. मूत्रपिंडं दोन असूनही त्यांना एकच दुपार मिळाली. आठवड्याला दोन परीक्षा, तीन दिवस हॉस्पिटलात ड्यूटी, आणि प्रत्येक पेशंटमागे पंचवीस पानी केअर प्लॅन. पेशंट तेवढ्यात बरा होऊन घरी जायचा, प्लॅन चालूच. जेवण उभ्याने व्हायचं आणि झोप ही एक अफवा होती. सत्त्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की घरी. अठ्ठेचाळीस जणांपैकी मार्च उजाडेपर्यंत एकेचाळीस उरले.

अशात प्रेमाला वेळ कुठला? ते आपलं जिन्यात, लिफ्टमध्ये, कॉफीच्या यंत्रापुढे उभ्या उभ्या होत राहिलं. ओडेल पीनट बटरच्या सँडविचचा अर्धा तुकडा न विचारता तिच्या कोटाच्या खिशात टाकायचा. ती चालता चालता त्याला प्रश्न विचारायची.

"डिगॉक्सिन द्यायच्या आधी काय मोजायचं?"

"हृदयाचे ठोके. पूर्ण एक मिनिट."

"किती असतील तर द्यायचं नाही?"

"साठच्या खाली." मग जरा थांबून, समोर बघत, "आत्ता माझे मोजलेस तर बिनधास्त देशील."

"गप. पुढचं औषध सांग."

पण पुढचं औषध कुठलं, हे तिलाच आठवेना.

घोडं अडलं ते ड्रेसिंगपाशी. पोटावरच्या जखमेचं निर्जंतुक ड्रेसिंग प्रोफेसर ट्वेट यांच्यासमोर वीस मिनिटांत करून दाखवायचं. पेशंट रबराचा, नाव मिस्टर गुंडरसन, जखम कधीच न भरणारी. टेबलावर निळा कागद पसरायचा, त्यावर सगळं सामान, आणि त्या कागदाचं सोवळं असं की कुणाही सोवळ्याने लाजावं. कडेचा एक इंच बाटलेला धरायचा. त्याला हात लागला, हात कमरेखाली गेला, कागदाकडे पाठ फिरली, की सोवळं मोडलं. प्रयत्न दोनच. दुसऱ्यातही नापास, तर कॉलेज बंद.

मंगळवारी, पहिल्या प्रयत्नात, कोराने सलाइनची बाटली घ्यायला पाठ फिरवली.

"आभारी आहे, मिस लिंडक्विस्ट," ट्वेटबाई म्हणाल्या. आभार मानून माणसाला बुडवायची कला त्यांना साधली होती. कोराला तिचीच जुनी पत्रं आठवली.

दुसरा प्रयत्न शुक्रवारी सकाळी नऊला. साडेदहाला औषधशास्त्राची परीक्षा. आणि त्याआधी एक अट : जोडीदारासमोर तीन वेळा निर्दोष सराव करून, त्याच्या तीन सह्या घेऊन, कागद गुरुवारी पाचच्या आत कार्यालयात. नाहीतर दुसरा प्रयत्नच नाही.

गुरुवारी चार वाजून सव्वीस मिनिटांनी दोन सह्या झाल्या होत्या आणि तिसरं ड्रेसिंग मिस्टर गुंडरसनच्या पोटावर बसलं होतं. सुरेख, चारही कोपरे सरळ. कोराने हातमोजे ओढून काढले.

"कर सही."

ओडेल पेन फिरवत उभा राहिला.

"अरे, कर ना!"

"गॉज उचललंस तेव्हा करंगळी कडेला लागली."

"नाही लागली."

"लागली, कोरा. त्या एका इंचात."

"एका इंचात म्हणजे किती?"

"अर्धा इंच."

"अर्ध्या इंचासाठी तू मला घरी पाठवणार?" तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची जोडी एकाएकी फार मन लावून काम करू लागली. "तीन रात्री झोपले नाहीये मी! नोकरी सोडून आलेय! सहा वर्षं मी नाही नाही म्हणत होते, पण निदान ओळखीच्या माणसाला तरी कधी—"

"सही केली तर..." ओडेलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सही केली तर ती मी तुझ्यावर प्रेम करतो म्हणून केलेली असेल. अशी सही मला नाही करायची."

मिस्टर गुंडरसनसुद्धा ऐकत असल्यासारखे वाटले.

"काय म्हणालास?"

"बत्तीस मिनिटं उरलीत म्हणालो. कपाटात ड्रेसिंगचा एक संच शिल्लक आहे."

माणूस प्रेमात पडल्याचं असं सांगतो? तेही करंगळीच्या तक्रारीत गुंडाळून? कोराने संच आणला, हात धुतले आणि दात ओठ खाऊन चौथं ड्रेसिंग केलं. रागाने हात थरथरतात असं म्हणतात. तिचे दगडासारखे स्थिर होते. चार छप्पन्नला ओडेलने सही केली.

"उद्या नापास झाले, तर तुझं तोंड बघणार नाही," कागद हिसकावत ती म्हणाली.

"आणि पास झालीस तर?"

ती जिन्याकडे धावली. कार्यालय दोन मजले खाली होतं आणि चार मिनिटं उरली होती.

शुक्रवारी नऊ वाजता ट्वेटबाईंनी घड्याळ सुरू केलं. मदतनीस म्हणून ओडेल टेबलापलीकडे उभा होता. नियम असा, की मागितलेली वस्तू मदतनीसाने द्यायची आणि तिचं नाव-नंबर सांगण्यापलीकडे तोंड उघडायचं नाही. डोळ्यांबद्दल नियमांत काही नव्हतं, म्हणून दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

निळा कागद. हातमोजे. जुनी पट्टी काढून झाली, नवे हातमोजे चढले, सलाइन ओतून झालं. अकरा मिनिटं. कोराने गॉज उचललं... आणि डाव्या हाताच्या बोटाची कड कागदाच्या कडेला पुसटशी टेकली. टेकली, की टेकल्यासारखी वाटली?

तिने मान न हलवता पाहिलं. ट्वेटबाई घड्याळाकडे बघत होत्या, खरोखरच. मिस्टर गुंडरसनना आक्षेप असणं शक्य नव्हतं. गॉज अजून हवेत होतं. आणखी सहा इंच खाली नेलं, की पंधरा महिने, पुढची नोकरी, सगळं वाचत होतं. बोलली तर सगळं पुन्हा मांडायचं, तेही उरलेल्या आठ-नऊ मिनिटांत. आणि त्यात जमलं नाही, तर...

ओडेल छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. क्षणभरापूर्वी मात्र तो निळ्या कागदाकडे बघत होता.

"मी निर्जंतुकता मोडली," कोरा म्हणाली. आवाज इतका कोरडा निघाला की तिला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "नवा संच. नवे हातमोजे."

ट्वेटबाईंची पेन्सिल थांबली. "घड्याळ थांबणार नाही."

"हो, प्रोफेसर. हातमोजे, ओडेल."

"साडेसहा," तो म्हणाला, आणि साडेसहा नंबरचं पाकीट तिच्यापुढे उघडून धरलं.

एवढाच संवाद. पण गेल्या दोन महिन्यांत इतक्या हळुवारपणे तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. निळा कागद. सलाइन. गॉज. कोपरे. ओडेलच्या वरच्या ओठावर घाम आला होता, आणि परीक्षा त्याची नव्हती. चौथा कोपरा दाबून तिने हात वर केले, तेव्हा घड्याळात पन्नास सेकंद शिल्लक होते.

ट्वेटबाईंनी घड्याळ बंद केलं.

"स्वतः ओळखून दुरुस्त केलं, तर पास. नियम आहे तसा," त्या म्हणाल्या. "पण मी पाहिलं नव्हतं."

"मला माहीत होतं."

"मग बोललीस का?"

कोराने ओडेलकडे पाहिलं. "त्याने पाहिलं होतं."

ट्वेटबाईंनी चष्म्यावरून आधी हिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. "वर्णानुक्रमाने जोड्या लावायचा नियम माझाच," त्या पुटपुटल्या. "चाळीस वर्षांत त्याने एवढा गोंधळ कधी घातला नव्हता. जा आता. साडेदहाला पेपर आहे तुमचा."

दोघं बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. खिडकीबाहेर सरोवरावरचं धुकं सगळं गाव गिळून बसलं होतं. कोराने समोरच्या भिंतीकडे बघत सुरुवात केली, कारण त्याच्याकडे बघून ते जमलं नसतं.

"काल तू म्हणालास ना, ते मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. मला राग आला तो सहीचा नव्हता... म्हणजे सहीचा होता, पण मग रात्री प्लॅन लिहिता लिहिता मला वाटलं, हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलणार नाही, आणि हे किती भयंकर आहे, ओडेल. मी सहा वर्षं अशा ठिकाणी काढली, जिथे..." ती बोलत राहिली. विमा कंपनी आली, लोकरी मोजे आले, उतारावरचा घोटा आला. तिच्या आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक भाषण अकरा मिनिटं चाललं, आणि ते संपवून तिने धीर करून वळून पाहिलं.

ओडेल झोपला होता. तोंड किंचित उघडं, डोकं भिंतीला टेकलेलं. पहाटे चारपर्यंत त्यानेही पंचवीस पानं लिहिली होती.

कोराने ओठ घट्ट आवळून हसू दाबलं. उठवावं? पेपरला अजून पाऊण तास होता. तिने चार किलोचं पुस्तक मांडीवर उघडलं आणि आवाज होऊ नये म्हणून पानं वरच्या कोपऱ्यातून एकेक उलटत बसली. मधेच त्याचं डोकं घसरत घसरत तिच्या खांद्यावर आलं. मग तिने पान उलटायचंच सोडलं. एकच पान अर्धा तास वाचलं, आणि त्यातलं एक अक्षर तिला आजही आठवत नाही.

दहा वाजून बावीस मिनिटांनी वर्गाचं दार उघडल्याचा आवाज आला. ते अकरा मिनिटांचं भाषण आता पुन्हा कुठलं व्हायला? तिने खांदा हलवला.

"तू मला आवडतोस. ऊठ."