कललेल्या बोटीची लाट

दोन दिवसांत दोन चाचण्या झाल्या आणि दोन्ही वेळा सुधामामाच्या बोटीमागे लाटेऐवजी नुसता फेस उठला. कावेरीला यात कुणाचा तरी हात दिसत होता. कुणाचा, तेही तिने ठरवून टाकलं होतं. जलक्रीडा केंद्राने बोट तपासायला पाठवलेला यंत्रमानव, ध्रुव. आज संध्याकाळपर्यंत बोटीचा दोर सोडून नुसत्या लाटेच्या जोरावर फळीवर तरंगता येईल अशी लाट उठली नाही, तर बोट भंगारात जाणार होती. मग मामा खाडीकाठच्या पोरांना शिकवणार कशावर?

आणि हा ध्रुव काय करायचा, तर चाचणीआधी बोटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या रबरी पिशवीत पंपाने खाडीचं पाणी भरायचा. बोट डावीकडे कलायची. तेही राजरोस, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!

कावेरीच्या घरातल्या तीन पिढ्या माणसं खाडीपार नेणाऱ्या तरीवर गेल्या होत्या. तरीत माणसं, बोचकी, शेळ्या, सगळं दोन्ही बाजूंना सारखं बसवायचं, हे ती कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. कललेली होडी म्हणजे बुडणारी होडी. म्हणून ध्रुव आणि मामा तरंगायची जॅकेटं आणायला गेले, की ती गुपचूप उजव्या कोपऱ्यातल्या पिशवीतही तेवढंच पाणी भरायची. बोट पुन्हा सरळ. त्याचा डाव उधळल्याचं तिला कोण समाधान!

तिसऱ्या दिवशी तिचा हात पंपावर असतानाच ध्रुव मागे येऊन उभा राहिला. संशय त्यालाही आलाच होता.

"तुला ही बोट बुडवायची आहे," कावेरी त्याला म्हणाली.

ध्रुवने आधी बोटीवरची पाटी दाखवली. बोट किती वजन पेलते ते तिच्यावर कोरलं होतं, आणि माणसं, पाणी सगळं धरूनही भार त्याच्या आतच होता. मग त्याने सांगितलं, की ही जुनी थेट-चालन बोट (इंजिन मधोमध आणि सरळ दांड्याने पोटाखालचा पंखा फिरवणारी). पंखा पोटाखाली, म्हणजे मागच्या स्वारापासून दूर, हे चांगलं. पण ती मूळची पाण्यावरच्या स्कीसाठीची, आणि स्की करणाऱ्यांना मागे सपाट पाणी लागतं, म्हणून तिची घडणच लाट न उठवण्यासाठी केलेली. चालताना बोट पाणी बाजूला सारते आणि मागे खड्डा पडतो. तो भरायला दोन्हीकडून पाणी धावतं. वजन जास्त, तर खड्डा खोल आणि लाट उंच.

"आणि दोन्हीकडे वजन सारखं असलं की?" कावेरीने विचारलं. तिला अजून त्याचं खरं वाटत नव्हतं.

"दोन्हीकडच्या लाटा सारख्याच उठतात आणि मधोमध एकमेकींवर आपटतात. बोट एका बाजूला कलली, तरच त्या बाजूची लाट अखंड राहते."

फेस! कावेरीचा चेहरा उतरला. दोन दिवस बोटीचा घात करत होती ती स्वतःच. तिला रडूच कोसळलं. मामा आला तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

"अगो, तुझ्या जागी मी असतो तर मीपण हेच केलं असतं," मामा म्हणाला आणि स्वतः उजवी पिशवी रिकामी करायला लागला.

ध्रुवने बोटीच्या उजव्या कडेला मागे एक फळकूट चिकटवलं. त्याने उजवीकडचं पाणी जरा उशिरा आत वळतं आणि डावी लाट मोडत नाही. वेग ताशी सतरा किलोमीटर ठेवायचा. जास्त झाला तर बोट पाण्यावर उचलली जाते आणि खड्डाच उरत नाही.

मामाने बोट सुरू केली आणि कावेरी दोर धरून मागे फळीवर उभी राहिली. डावीकडे हिरवी, गुळगुळीत लाट उठली. तिचा त्या लाटेवरही भरवसा नव्हता. तिने दोर घट्ट धरून ठेवला. मग लक्षात आलं, दोर केव्हाचा सैल पडलाय. तिला बोट ओढत नव्हती, लाट ढकलत होती. तिने दोर बोटीत फेकून दिला. दोर पायाशी येऊन पडला तरी मामाने मागे वळून पाहिलं नाही, सुकाणूवर बसणाऱ्याने पाहायचं नसतं, पण तो रडत होता.

काठावर ध्रुवने अहवालात लिहिलं, की बोट कामाची आहे. मग त्याने विचारलं, खाडीत अशा जुन्या बोटी आणखी किती पडून आहेत?

कावेरीने त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं.

"सात," ती म्हणाली. "चल, दाखवते."